सात बरण्यांतली एक: कुत्र्याच्या नाकाला वळण कसं लावावं

पोलीस श्वानपथकात मी २२ वर्षं हँडलर होतो. निवृत्त झाल्यापासून लोक विचारतात, कुत्र्याला कर्करोगाचा वास ओळखायला शिकवता येतो का? येतो. पण कसा, ते समजून घ्यायचं असेल तर आधी घरी लवंगेवर हात बसवा. रीत तीच आहे.

एकसारख्या काचेच्या सात बरण्या घ्या, झाकणांना भोकं पाडा. सगळ्यांत कापसाचा बोळा, एकीत दोन लवंगा. सुरुवात मात्र लवंगेच्या एकट्या बरणीपासून. कुत्र्यानं नाक लावलं रे लावलं की 'शाब्बास' म्हणा आणि उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. नाक बरणीवर असतानाच शाब्बासकी मिळाली पाहिजे; मान वळल्यावर दिलीत तर कुत्रं मान वळवायला शिकतं. मग एक सेकंद थांबा, दोन थांबा, तीन थांबा. नाक टेकवून स्थिर उभं राहणं हीच त्याची खूण. ते जमलं की दोन बरण्या, चार, सात. सकाळी दहा मिनिटं पुरे. उन्हात धापा टाकणारं कुत्रं नीट हुंगू शकत नाही.

माझी कुत्री राणी चौथ्या दिवशी न चुकता बरणी दाखवायला लागली. पाचव्या दिवशी बायकोनं चिमट्यानं बरण्या मांडल्या, तर राणी सातही हुंगून माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. लवंगेची बरणी तेवढी मी रोज हातानं उचलत होतो. ती माझ्या हाताचा वास शिकली होती. तेव्हापासून सातही बरण्या चिमट्यानं उचलतो आणि लवंगेसाठी रोज नवी, धुतलेली बरणी घेतो.

आता सगळ्यात अवघड भाग. बरण्या दुसऱ्यानं मांडाव्यात आणि खोलीबाहेर जावं. कोणत्या बरणीत काय आहे, हे तुम्हालाही माहीत नको. माहीत असेल तर त्या बरणीपाशी तुमचा श्वास थबकतो, पट्टा किंचित सैल पडतो, आणि कुत्रं लवंग सोडून तुम्हाला वाचतं. मधूनमधून सातही बरण्या लवंगेशिवाय ठेवा. सगळ्या हुंगून पुढे निघून गेलं तरी खाऊ द्या. 'इथे काही नाही' हे सांगणंही त्याला यायला हवं.

इंग्लंडमध्ये अ‍ॅमरशमच्या संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातही सातच नमुने होते, लघवीचे, आणि त्यातला एक मूत्राशयाच्या कर्करोगाचा. सहा कुत्र्यांनी मिळून ५४ पैकी २२ वेळा बरोबर ओळखलं, म्हणजे ४१ टक्के. नुसत्या अंदाजानं १४ टक्के आलं असतं. प्रशिक्षणात एका 'निरोगी' माणसाचा नमुना कुत्री पुन्हापुन्हा दाखवत होती. डॉक्टरांनी त्याची आणखी तपासणी केली, तर मूत्रपिंडात कर्करोग निघाला. मी हे वाचलं तेव्हा राणीच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ बसलो होतो.

लवंग आणि आजार यांत फरक हा की लवंग सगळीकडे लवंगच असते. माणूस तसा नसतो. मोजकेच नमुने फिरवलेत तर कुत्रं चेहरे पाठ करावेत तसे ते पाठ करतं आणि नव्या माणसापुढे अडतं. प्रोस्टेट या पुरुषांमधल्या ग्रंथीच्या कर्करोगावरच्या २०१४ सालच्या एका ब्रिटिश प्रयोगात हेच झालं. रोग्यांचे नमुने दवाखान्यातून आणि निरोगी माणसांचे घरून आणले, तर कुत्रं रोगाचा नव्हे, दवाखान्याचा वास शिकतं. म्हणून दोन्ही नमुने एकाच ठिकाणचे, एकाच वयाच्या माणसांचे घ्यावे लागतात, आणि निरोगींच्या बाजूला दुसरे आजार असलेली माणसंही लागतात. हे काम प्रयोगशाळेचं. घरी कुणाची लघवी किंवा रक्त आणून हे करू नका.

पण घरच्या कुत्र्याकडे लक्ष ठेवा. १९८९ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एका बाईची हकीकत छापून आली. तिचं कुत्रं पायावरच्या एकाच तिळामागे लागलं होतं, तो चावून काढू बघत होतं. तपासल्यावर तो त्वचेचा कर्करोग निघाला. तुमच्याकडे असं झालं तर कुत्र्यावर ओरडू नका, त्वचारोगतज्ज्ञाला तीळ दाखवा. आणि कुत्र्यानं ढुंकून पाहिलं नाही म्हणून एखादी गाठ दाखवायची राहू देऊ नका.