अ‍ॅनाटॉमीचा पार्ट कम्प्लिशन गेला? पुढचे दिवस असे काढा

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला एखादा पार्ट (शरीराचा एक भाग शिकवून झाल्यावरची चाचणी) गेला, म्हणजे त्यात नापास झालं, की बहुतेक मुलं सगळ्यात आधी झोपेला कात्री लावतात. नेमकं तेच करू नका. वाचलेलं डोक्यात पक्कं व्हायला झोपच लागते. चार तास झोपून घोकलेला ब्रेकियल प्लेक्सस (हाताच्या नसांचं जाळं) व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, टेबलावर दगा देतो आणि मग ‘आपली कुवतच नाही’ असं वाटायला लागतं. उठायची वेळ ठरवा, तिथून सात तास मागे मोजा, त्या वेळी दिवा बंद. कॉफीचा अंमल निम्म्यावर यायलाच साधारण पाच तास जातात, म्हणून दुपारी चारनंतर ती नको.

बॅकलॉगसाठी अख्खा चॅप्टर घेऊन बसू नका. उद्या डिसेक्शनला (शवविच्छेदनाच्या तासाला) जे आहे ते आज अर्धा तास चाळा, मग मागचा एकच टॉपिक घ्या. वाचून झालं की पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आकृती काढून नावं द्या, चुकलेलं लाल पेनाने लिहा. तीच आकृती दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा काढा. व्हायवाची तयारी मात्र तोंडी, रूममेटला प्रश्न विचारायला लावून. मनात येणारं उत्तर आणि तोंडून निघणारं उत्तर यात फार अंतर असतं.

अभ्यासासाठी लेक्चर बुडवू नका. थिअरीला 75 आणि प्रॅक्टिकलला 80 टक्के हजेरी भरली नाही तर परीक्षेलाच बसता येत नाही.

परीक्षेच्या भीतीवर सीनियरने दिलेली गोळी घेऊ नका. धडधड कमी करणारी प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या रुग्णाला धोक्याची. मन शांत करणाऱ्या अल्प्राझोलामची सवय लागते, शिवाय पाठांतरही बिघडतं.

दोन आठवडे दिवसाचा बराच वेळ उदास वाटतंय, कशातच मन लागत नाही, भूक-झोप बिघडली आहे, तर सायकियाट्रिस्टला दाखवा. आपल्याच कॉलेजच्या ओपीडीत जायचा संकोच साहजिक आहे. दुसऱ्या हॉस्पिटलात जा, किंवा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर बोला. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही. उपचारांची माहिती गुप्त ठेवली जाणं हा 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे.

मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबू नका, आजच कोणाला तरी सांगा. मित्राबद्दल शंका आली तर ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ असं थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, सोबत कॅज्युअल्टीत न्या आणि वॉर्डनला व घरच्यांना तिथूनच फोन करा.