गिरणी कामगाराची जुनी साक्ष कशी वाचावी

ब्रिटनमधील औद्योगिक क्रांतीविषयी लिहिताना आपण बहुधा ‘कामगारांची स्थिती हलाखीची होती’ असे म्हणून पुढे जातो. ते विधान खरे असले, तरी त्यातून एकाही कामगाराचा एकही दिवस डोळ्यांसमोर उभा राहत नाही. तो दिवस पाहायचा असेल, तर संसदेच्या चौकशी समित्यांपुढे खुद्द कामगारांनी दिलेल्या साक्षी वाचाव्या लागतात. त्या कशा वाचाव्यात, हे येथे एकाच साक्षीच्या आधारे सांगतो. १८३२ मध्ये खासदार मायकेल सॅडलर यांच्या समितीपुढे लीड्सच्या एलिझाबेथ बेंटली हिने साक्ष दिली. तेव्हा ती २३ वर्षांची होती आणि सहाव्या वर्षापासून गिरणीत काम करत आली होती.

प्रथम चौकशी कोणी आणि कशासाठी आरंभिली, ते पाहावे. सॅडलर यांना कामाचा दिवस दहा तासांवर आणणारा कायदा हवा होता आणि साक्षी शपथेवर घेतलेल्या नव्हत्या, त्यामुळे गिरणीमालकांनी त्या एकतर्फी ठरवल्या. म्हणून १८३३ मध्ये गिरण्यांच्या भागांत जाऊन चौकशी करणारा शाही आयोग (रॉयल कमिशन) नेमला गेला. मुलांना मोठ्यांइतकेच तास राबवले जाते, ही मूळ गोष्ट मात्र त्या आयोगालाही मान्य करावी लागली. दोन्ही चौकशा शेजारी ठेवून वाचाव्यात.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे, ते म्हणजे प्रश्न आणि उत्तर वेगळे करणे. मारहाणीबद्दल आईबापांनी तक्रार केली, तर मुलाचे काम जाण्याचीच शक्यता ना, असे एलिझाबेथला विचारले गेले आणि तिने ‘हो’ म्हटले. येथे वाक्य प्रश्नकर्त्याचे आहे, तिची आहे ती केवळ संमती. ते खोटे आहे असे नव्हे, पण त्याचे वजन कमी धरावे. याउलट, घरी घड्याळ नव्हते, हे सांगून झाल्यावर गिरणीत वेळेवर पोहोचत होतीस का, या साध्या प्रश्नावर तिने पुढील तपशील दिला. कोळसा खाणीतले कामगार पहाटे तीन-चारच्या सुमारास कामावर निघत. त्यांची चाहूल लागली की आई अंथरुणातून उठून बाहेर जाई आणि त्यांना वेळ विचारी. कधी अंदाज चुकून मुलगी रात्री दोन वाजताच वाटेला लागलेली असे आणि धो धो पावसात गिरणी उघडण्याची वाट पाहत थांबे. हा तपशील कोणीही तिच्या तोंडी घातलेला नाही. प्रश्नाने न मागितलेला असा तपशील दिसला की तेथे थांबून तो उतरवून घ्यावा.

मग तासांचा हिशेब स्वतः कागदावर मांडावा. मागणी जोरात असताना गिरणी पहाटे ५ ते रात्री ९ चाले, म्हणजे १६ तास. दुपारी ४० मिनिटांची सुट्टी वजा केली, तर काम १५ तास २० मिनिटे. न्याहारीला वेगळा वेळ नव्हता. घर दोन मैलांवर होते. लहान मुलाच्या पावलांनी जाण्यायेण्याचा दीड तास धरला, तर झोपेसह सगळ्या गोष्टींसाठी साडेसहा तास उरतात, आणि हे सुमारे सहा महिने सलग चालले होते. ‘दीर्घ कामाचे तास’ या शब्दांत ही बेरीज कधीच मावत नाही.

काम नेमके कोणते होते, हेही समजून घ्यावे. यंत्रावरील बॉबिन (सूत गुंडाळण्याच्या रिळी) भरल्या की यंत्र थांबवायचे, भरलेल्या बॉबिन काढून न्यायच्या, रिकाम्या लावायच्या आणि यंत्र पुन्हा सुरू करायचे. हे काम जड नसले, तरी वेग यंत्राच्या हाती असल्याने क्षणाची उसंत नसे, आणि मूल मंदावले की चामड्याचा पट्टा पाठीवर पडे.

त्यानंतर कायदा वाचावा, कारण कायद्यातील मनाई म्हणजे बहुतेकदा चालू प्रथेची नोंदच असते. १८३३ च्या कायद्याने रेशीम गिरण्या वगळता इतर कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली, १३ वर्षांखालील मुलांना आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि देखरेखीसाठी चार निरीक्षक नेमले. संपूर्ण देशासाठी चार, हा आकडा विसरू नये. शिवाय इंग्लंडमध्ये जन्माची सरकारी नोंदणी १८३७ मध्ये सुरू झाली, त्यामुळे त्याआधी मुलाचे वय डॉक्टरने पाहून ठरवावे लागे. १८४४ च्या कायद्यात कामाची वेळ सार्वजनिक घड्याळानुसार मोजण्याची आणि धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याची सक्ती आली. घड्याळाबद्दल कायदा का करावा लागला, असा प्रश्न प्रत्येक कलमापाशी विचारावा.

साक्षीचा शेवटाकडील भाग घाईने वाचू नये, कारण कामाचे शरीरावर झालेले परिणाम तेथे येतात. सुमारे तेराव्या वर्षी आपल्या शरीरात व्यंग येऊ लागले आणि पुढे ते वाढत गेले, असे एलिझाबेथने सांगितले. आता कोठे राहतेस, असे विचारल्यावर तिने लीड्सलगतच्या हन्स्लेट येथील गरिबांच्या आश्रयगृहाचे नाव घेतले. पूर्वीचे मालक कधी भेटायला येतात का, याचे तिचे उत्तर एका शब्दाचे आहे: नाही.