हॉटेलचं कार्ड आधी की पत आधी? इंदूरकरांसाठी हिशेब

हॉटेलचं कार्ड म्हणजे हॉटेल साखळीच्या नावाचं क्रेडिट कार्ड; खर्चावर पॉइंट मिळतात आणि त्यांतून हॉटेलात खोली घेता येते. पण कोणतं कार्ड घ्यायचं हे जाहिरातीवरून नाही, तुमच्या क्रेडिट रिपोर्टवरून, म्हणजे कर्ज आणि कार्डांच्या परतफेडीच्या नोंदींवरून ठरतं. म्हणून आधी रिपोर्ट काढा. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या नोंदी ठेवणाऱ्या चारही संस्था (क्रेडिट ब्यूरो) वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात. त्यातला स्कोअर, म्हणजे पतीचा आकडा, ३०० ते ९०० मध्ये असतो. आकड्याऐवजी ‘एनएच’ (नो हिस्टरी, म्हणजे इतिहास नाही) किंवा उणे १ दिसलं तर घाबरू नका. पत वाईट आहे असं त्यातून निघत नाही, ती अजून तयारच झालेली नाही एवढंच कळतं. वर्षानुवर्षं रोखीनं आणि यूपीआयनं चोख व्यवहार करणाऱ्यांचाही रिपोर्ट असा कोरा असतो, कारण बचत खात्यातले व्यवहार तिथे पोहोचतच नाहीत.

रिपोर्ट कोरा असेल तर हॉटेलच्या कार्डाचा अर्ज करू नका. तो नाकारला जाण्याची शक्यता मोठी आणि बँकेनं केलेल्या चौकशीची नोंद मात्र रिपोर्टात राहते. लागोपाठ तीन-चार बँकांत अर्ज केले की पुढची बँक त्या नोंदी पाहूनच हात आखडता घेते.

अशा वेळी एफडीवर मिळणारं कार्ड घ्यावं. समजा २५,००० रुपयांची एफडी केली आणि बँकेनं तिच्या ९० टक्के लिमिट दिली, तर कार्ड २२,५०० चं. एफडीवर व्याज चालू राहतं, पण तिच्यावर लियन लागतो, म्हणजे कार्ड चालू असेपर्यंत ती मोडता येत नाही. म्हणून अडीअडचणीसाठी ठेवलेले पैसे यात गुंतवू नका. वार्षिक फी नसलेलंच कार्ड निवडा आणि शक्यतो रुपे घ्या. ते यूपीआयला जोडता येतं, त्यामुळे छप्पन दुकानवरच्या पोह्यांचं बिलही क्यूआर स्कॅन करून क्रेडिट कार्डावर टाकता येतं. दुकानदाराच्या क्यूआरवरच हे चालतं, मित्राला पैसे पाठवायला नाही.

खरी गफलत होते ती तारखांत. बिल बनण्याची तारीख वेगळी आणि भरण्याची वेगळी. ब्यूरोकडे सहसा बिलावरची थकबाकी जाते. बिल १२ तारखेला बनतं आणि तोवर १५,००० खर्च झाले असतील, तर पुढे सगळे पैसे वेळेवर भरूनही रिपोर्टात लिमिटच्या ६७ टक्के वापर दिसतो. माणूस म्हणतो, मी तर एक पैसा थकवला नाही, मग स्कोअर का हलत नाही? उपाय सोपा आहे: ९ तारखेच्या सुमारास ९,००० आधीच भरून टाका, म्हणजे बिलावर ६,००० उरतील. वापर ३० टक्क्यांच्या आत, इथे ६,७५० पर्यंत, ठेवायचा. उरलेली पूर्ण रक्कम भरायला ऑटो-डेबिट लावा, पण ‘मिनिमम ड्यू’वर (बिलाचा किमान भाग) नव्हे, ‘टोटल ड्यू’वर (पूर्ण बिल). फॉर्ममध्ये दोन्ही पर्याय शेजारी असतात आणि घाईत चुकीच्यावर टिक होते.

मिनिमम भरण्याची किंमत बघा. दरमहा ३.७५ टक्के व्याज धरलं तर १५,००० वर एका महिन्याचे सुमारे ५६३ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ६६४. शिवाय नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. एटीएममधून कार्डानं रोख तर काढूच नका; तिथे बिनव्याजी मुदतच नसते.

स्कोअर दिसायला साधारण सहा महिने लागतात. वर्षभरानंतर तो ७५० च्या वर टिकला की हॉटेलच्या कार्डाचा विचार करा, आणि तेव्हाही आधी स्वतःला विचारा: वर्षात पदरचे पैसे देऊन हॉटेलात किती रात्री राहता? पुण्या-मुंबईला आत्याकडे किंवा मावशीकडे उतरणाऱ्या घराला या कार्डाचा काही उपयोग नाही.

उदाहरणादाखल मॅरियट बॉनव्हॉयचं, म्हणजे मॅरियट हॉटेलांच्या पॉइंट योजनेचं, एचडीएफसी कार्ड घ्या. फी ३,००० अधिक जीएसटी, म्हणजे ३,५४०. त्यात वर्षाला एक फुकट रात्र मिळते, १५,००० पॉइंटपर्यंतच्या खोलीसाठी. ती रात्र तुम्ही खरंच वापरली तर फी वसूल होते. साध्या खर्चावर मात्र दर १५० रुपयांना २ पॉइंट. महिन्याला १०,००० चा किराणा कार्डावर टाकला तरी वर्षाचे १,६०० च पॉइंट होतात. एवढ्यात खोली मिळणार नाही. फुकट रात्रीला मुदत असते, शिवाय लग्नसराईत विजयनगरच्या मॅरियटसारख्या ठिकाणी पॉइंटचा भाव वर जातो. म्हणून प्रवास ठरला की तारीख लगेच अडवा. हे कार्ड रुपेचं नाही, डायनर्स क्लब या दुसऱ्या नेटवर्कचं आहे, त्यामुळे यूपीआयला जोडता येत नाही. सराफ्यातल्या खाऊच्या दुकानांत जुनं रुपे कार्डच कामाला येईल.

तेव्हा हॉटेलचं कार्ड हाती आल्यावर जुनं घाईनं बंद करू नका. त्याच बँकेला विचारा, एफडी मोकळी करून कार्ड तसंच ठेवता येईल का. नाहीच जमलं तर सगळी बाकी शून्य करून बंद करायचा लेखी अर्ज द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेनं सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायला हवं. उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. लियन उठल्याचं पत्र वेगळं मागून घ्या आणि महिन्याभरानं रिपोर्टात ते खातं ‘क्लोज्ड’ दिसतंय का, ते पाहा.