बाबांच्या पीसीवरचा खोटा अँटीव्हायरस असा काढला
परवा सीताबर्डीवरून घरी आलो तर बाबा डेबिट कार्ड हातात घेऊन बसलेले, स्क्रीनवर लाल डबा बोंबलून राहिला, ३४२ व्हायरस सापडले, पैसे भरा म्हणे. पहिले नेट बंद करा, भरायचं काहीच नाही. (कार्ड नंबर टाकला असेल तर आधी बँकेला अन् १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.) मग शिफ्ट दाबून रीस्टार्ट, ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, परत रीस्टार्ट, अन् ४ दाबलं की सेफ मोड, म्हणजे विंडोज फक्त गरजेपुरतं चालू होतं, तिथे ते भूत बहुतेक गप्प असतं. कंट्रोल पॅनलमधे प्रोग्राम तारखेनुसार लावा, अनोळखी दिसला की अनइन्स्टॉल. नंतर नेहमीसारखा चालू करून डिफेंडरचा (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) ऑफलाइन स्कॅन, १५ मिनिटं लागतात साधारण, तोवर चहा मांडा. ब्राउझरच्या नोटिफिकेशन पण बघा, आमच्याकडे अर्धी कटकट तिथलीच, बाबांनी कुठल्यातरी साइटला अलाऊ दाबलं होतं ना.