ज्याओ थोउ लान अ: चिनी शिकणाऱ्यांसाठी आगीच्या म्हणी

चाकणच्या एका कारखान्यात दुभाषी म्हणून लागून मला तीनच आठवडे झाले होते. रंगकामाची लाइन बंद पडली होती. चिनी इंजिनिअर फोनवर घाईघाईनं बोलत होता आणि त्याच्या बोलण्यात 'ज्याओ थोउ लान अ' असं आलं. ज्याओ म्हणजे करपलेलं, थोउ म्हणजे डोकं, अ म्हणजे कपाळ. मी शेजारच्या सुपरवायझरला सांगितलं, "तिकडे कुणाचं तरी डोकं भाजलंय." प्रथमोपचाराची पेटी घेऊन दोन माणसं धावली. भाजलं कुणालाच नव्हतं. कामाच्या रेट्यानं आम्ही मेटाकुटीला आलोय, एवढंच त्याला म्हणायचं होतं.

चिनी नव्यानं शिकणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे, कारण वर्गात मला शब्द शिकवले होते, व्याकरण शिकवलं होतं, पण छंगयू म्हणजे काय हे नीट कुणी सांगितलं नव्हतं. छंगयू हा बहुतेक वेळा चार अक्षरांचा वाक्प्रचार असतो आणि त्यामागे एखादी जुनी गोष्ट, एखाद्या ग्रंथातलं वाक्य दडलेलं असतं. चार अक्षरांची बेरीज करून अर्थ लावायला गेलात की फसलात. मी आगीच्या छंगयूंपासून सुरुवात केली, ती त्या भाजलेल्या डोक्यामुळेच.

'ज्याओ थोउ लान अ'मागची गोष्ट अशी. एका घरी पाहुणा आला. त्यानं पाहिलं की चुलीचं धुराडं सरळ उभं आहे आणि शेजारीच जळणाची रास आहे. तो म्हणाला, धुराडं वाकवून घ्या आणि जळण दूर हलवा, नाहीतर आग लागेल. यजमान काही बोलला नाही. थोड्याच दिवसांत घराला आग लागली. शेजाऱ्यांनी मिळून ती विझवली. यजमानानं बैल कापून मेजवानी दिली. ज्यांची डोकी भाजली होती त्यांना मानाच्या जागी बसवलं, बाकीच्यांना ज्याच्या त्याच्या कामगिरीप्रमाणे. सल्ला देणाऱ्याला मात्र बोलावलंच नाही. तेव्हा कुणीतरी म्हणालं, त्याचं ऐकलं असतंत तर बैलाचा आणि दारूचा खर्चही झाला नसता आणि आगही लागली नसती. मग यजमानाला उमगलं आणि त्यानं त्या पाहुण्याला बोलावणं धाडलं.

ही गोष्ट हान राजवंशाच्या इतिहासात येते, हुओ ग्वांग या बलाढ्य मंत्र्याच्या चरित्रात. या घराण्याला वेळीच आवर घाला, असं शू फू नावाच्या माणसानं बादशहाला तीनदा लिहून कळवलं होतं. तिकडे दुर्लक्ष झालं. इ.स.पू. ६६ मध्ये हुओ घराण्याचा कट उघडा पडला, त्यांचा नायनाट झाला, आणि कट उघडकीला आणणाऱ्यांना बक्षिसं मिळाली. शू फूला काहीच मिळालं नाही, म्हणून कुणीतरी त्याच्या वतीनं अर्ज लिहून धुराड्याची ही गोष्ट बादशहाला सांगितली. बादशहानं त्याला रेशमाचे दहा तागे दिले, पुढे नोकरीही दिली. (हुओ हे आडनाव आणि आग या अर्थाचा हुओ यांची अक्षरं वेगळी आणि स्वर, म्हणजे उच्चारातला चढउतारही वेगळा. आग तिसऱ्या स्वरातली, आडनाव चौथ्या. स्वरांचा आळस करू नका, असं मी सगळ्यांना सांगते ते यासाठी.)

या एका गोष्टीतून दोन छंगयू आले. 'छ्यू थू शी शिन', म्हणजे धुराडं वाकवा, जळण हलवा: संकट येण्याआधीच बंदोबस्त करा. आणि 'ज्याओ थोउ लान अ', म्हणजे डोकं-कपाळ भाजून घेतलेले ते मानाचे पाहुणे. आज त्याचा अर्थ कामानं किंवा अडचणींनी बेजार झालेला माणूस. गोष्ट माहीत असती तर मी पेटीसाठी आरडाओरडा केला नसता. पुढे वर्षभरानं त्याच कारखान्यात थिनरची पिंपं भट्टीच्या फार जवळ ठेवलेली दिसली, तेव्हा मी त्याच इंजिनिअरला फक्त 'छ्यू थू शी शिन' म्हटलं. तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला आणि लगेच पिंपं हलवायला माणसं बोलावली.

यातला 'शिन' म्हणजे जळाऊ लाकूड. आज तुम्हाला हा शब्द पगारात भेटेल: शिन-श्वेइ, शब्दशः जळण आणि पाणी, म्हणजे चूल चालायला लागणारा खर्च. तोच शिन 'बाओ शिन ज्यू हुओ'मध्ये आहे, कवेत जळण घेऊन आग विझवायला जाणं. प्राचीन चीनमधल्या छिनच्या राज्याला एकेक मुलूख देऊन शांतता विकत घेऊ पाहणाऱ्या वेइच्या राजाला हे ऐकवलं होतं: जळण संपत नाही तोवर आग विझत नाही. 'बेइ श्वेइ छ शिन'मध्येही तोच, गाडीभर जळणाला लागलेल्या आगीवर पेलाभर पाणी. ही उपमा मेन्शियस या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाची. अशी एका अक्षराची नातलग मंडळी एकाच पानावर लिहून काढा. माझी अख्खी वही अशीच आहे.

मराठी माणसाला इथे एक फायदा आहे आणि एक धोकाही. 'हुओ शांग ज्याओ योउ' म्हणजे आगीत तेल ओतणं. जसंच्या तसं, काही शिकायलाच नको. पण 'दूरचं पाणी जवळची आग विझवत नाही' ही हान फेइ या प्राचीन चिनी विचारवंताची म्हण घ्या. मला लगेच 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' आठवली आणि मी तीच वापरत गेले. एका ज्येष्ठ दुभाष्यानं थांबवलं. आपल्या म्हणीत बंब भलत्याच ठिकाणी गेलाय, चूक माणसांची आहे. चिनी म्हणीत चूक कुणाचीच नाही. समुद्रात पाणी भरपूर आहे, पण ते इथवर पोचेपर्यंत घर उरणार नाही. मुंबईहून सुटा भाग दोन दिवसांनी येणार आहे असं सांगताना चिनी म्हण चालते. तिथे रामेश्वरी-सोमेश्वरी म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटतं आपल्यावर ठपका ठेवताहेत.

'वेशीला आग लागली आणि खंदकातल्या माशांवर संकट आलं' यासाठी 'सुक्याबरोबर ओलंही जळतं' बरंच जवळ जातं. फरक एवढाच की मासे जळत नाहीत. आग विझवायला खंदकातलं पाणी उपसलं, म्हणून ते मरतात. मला ही म्हण फार आवडते, तिच्यात आगीची पोच किती लांबवर असते ते दिसतं. 'छन हुओ दा ज्ये', लागलेल्या आगीचा फायदा घेऊन लूट करणं, यासाठी मात्र मराठीत आग सोडूनच द्या. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं हेच नेमकं.

सगळी आग विनाशाचीही नसते. 'रू हुओ रू थू' पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दंगल समजले. मुळात ते वू या जुन्या चिनी राज्याच्या राजाच्या सैन्याचं वर्णन आहे: एक तुकडी पांढऱ्या वेषात, गवताच्या तुऱ्यांसारखी, दुसरी लाल वेषात, आगीसारखी. आज एखादं काम जोरात, धडाक्यात चाललंय यासाठी ते वापरतात. बातम्यांत ते सतत येतं. आणि तोंड आलं, घसा धरला की चिनी सहकारी म्हणतात 'शांग हुओ' झालं. आपण म्हणतो उष्णता झाली. त्यावर ते गार प्रकृतीचा काढा पितात, आपण सब्जा किंवा गुलकंद घेतो. इथे मला कधीच शब्दकोश लागला नाही.

राजकीय किंवा सरकारी भाषांतराकडे वळणार असाल तर 'वान हुओ झ फन' नीट अभ्यासा: आगीशी खेळणारा स्वतःच जळतो. त्याचं मूळ इ.स.पू. ७१९ च्या नोंदीत आहे. वेइ नावाच्याच, पण वेगळ्या एका जुन्या राज्यात भावाला मारून गादी बळकावलेल्या जोउ शूबद्दल कुणी म्हणालं की शस्त्र आगीसारखं असतं, आवरलं नाही तर आपल्यालाच जाळतं. त्याच वर्षी तो मारला गेला. तैवानच्या संदर्भात शी जिनपिंग हा वाक्प्रचार वापरतात. बायडन यांच्याशी २०२१ मध्ये आणि २०२२ मध्ये झालेल्या बोलण्यात चिनी शब्द जवळजवळ तेच होते, पण चीनच्या अधिकृत इंग्रजी निवेदनात पहिल्यांदा 'भाजेल' अशा अर्थाचं क्रियापद होतं आणि दुसऱ्यांदा 'नष्ट होईल' अशा अर्थाचं. मराठी बातमीत 'हात पोळतील' असं लिहिलेलं मला दिसलं की मी अजून अस्वस्थ होते. 'फन' या अक्षरात वर जंगल आहे आणि खाली आग. त्यात नुसता हात पोळत नाही. मी 'जळून जाईल' लिहिते.