इसे जिंगूला जाताय? या चुका टाळा

इसे जिंगू हे जपानमधलं शिंतो धर्माचं मोठं तीर्थ, त्यात मुख्य मंदिरं दोन, गेकू आणि नाइकू. जपानच्या टूरमध्ये लोक इसेला जेमतेम अर्धा दिवस देतात आणि थेट नाइकूला, म्हणजे सूर्यदेवी अमातेरासुकडे पळतात. गडबड इथेच सुरू होते. रीत अशी की आधी गेकू, तिथे देवीच्या नैवेद्याचं बघणारी तोयोउके देवी, आणि मगच नाइकू. गेकू इसेशी स्टेशनवरून चालत होतं, पुढे बस आहे. अख्खा दिवस ठेवा आणि सकाळी लवकर निघा, मंदिरं पहाटे ५ ला उघडतात.

वाटेच्या मधोमध चालू नका, ती जागा देवाची. गेकूत डावीकडून, नाइकूत उजवीकडून. आत जाण्याआधी पाण्याच्या कुंडावर हात धुताना पळीला तोंड लावायचं नाही, आधी डावा हात, मग उजवा, मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ, परत डावा हात. नाइकूत तर दगडी पायऱ्या उतरून इसुझु नदीतच हात धुता येतात, ते अजिबात सोडू नका.

आता सगळ्यात मोठी चूक. आपल्याला दर्शन म्हणजे मूर्ती समोर हवी असते, इथे मात्र कुंपणामागे कुंपण, पांढरा पडदा आणि वर थोडंसं छप्पर, बास, मग लोक 'काहीच दिसलं नाही' म्हणत परत फिरतात. अहो, ते छप्परच नीट बघा ना! टोकाला वर निघालेले लाकडी फाटे नाइकूत आडवे कापलेत, गेकूत उभे. आणि लाकूड नवंकोरं दिसतं म्हणून 'हे कसलं जुनं मंदिर' असंही म्हणू नका, दर २० वर्षांनी शेजारच्या रिकाम्या जागेवर पूर्ण मंदिर तसंच्या तसं नव्याने बांधतात, सुरुवात ६९० साली झाली, मागचं २०१३ ला झालं, पुढचं २०३३ ला. जुने खांबही फुकट जात नाहीत, नाइकूत शिरताना लागणाऱ्या उजी पुलाच्या दोन्ही टोकांच्या तोरी, म्हणजे लाकडी कमानी, त्यातूनच उभ्या राहतात. मला तर यातच इसेचं खरं मोठेपण वाटतं, सुतारांच्या पिढ्यांनी हातातली कला विसरू दिली नाही.

मुख्य मंदिरापुढे नोकरी-लग्नाची मागणी करत बसू नका, तिथे फक्त आभार मानतात. दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, परत एकदा वाकायचं. स्वतःसाठी काही मागायचं असेल तर नाइकूत मागे आरामात्सुरी-नो-मिया हे वेगळं मंदिर आहे, तिथे मागा. इझुमो ताइशा या जपानमधल्या दुसऱ्या मोठ्या मंदिरालाही जाणार असाल तर तिथे टाळ्या चार.

चपला काढायची गरज नाही, टोपी मात्र काढा. नाइकूत फोटो दगडी पायऱ्यांच्या खालूनच, वर गेल्यावर मोबाईल खिशात. आणि भविष्याच्या चिठ्ठ्या शोधत फिरू नका, इसेत त्या मिळतच नाहीत.