विकायची गोधडी: कापडापासून किमतीपर्यंत

घरच्यांसाठी गोधडी शिवताना एखादी शिवण तिरकी गेली तरी कुणी काही म्हणत नाही. विकायची गोधडी अनोळखी घरात जाते. तिथे ती गरम पाण्यात भिजेल, मशीनमध्ये गरागरा फिरेल, उन्हात विसरली जाईल, आणि आपण तिथे सांगायला नसू. म्हणून विकायचं ठरवलंत की प्रत्येक पायरीला एकच विचार करायचा: वीस धुण्यांनंतर हे कसं दिसेल?

सुरुवात कापडापासून. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटतं, आणि गडद लाल किंवा निळं असेल तर बऱ्याचदा रंगही सोडतं. हे मी नुकसान सोसून शिकले. माझी पहिली विकलेली गोधडी आठवड्यात परत आली, पांढऱ्या चौकोनांवर गुलाबी डाग घेऊन. आता गडद कापड घरात आलं की आधी त्याचा कोपरा ओला करते, पांढऱ्या फडक्यावर ठेवून गरम इस्त्री दाबते. फडक्यावर रंग उतरला तर ते कापड पांढऱ्याच्या शेजारी बसत नाही. बाकी सगळं धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच कापायचं.

जुन्या कपड्यांची गोधडी शिवून मागणारेही भेटतात. टी-शर्टचं कापड ताणतं, त्यामुळे मागून फ्युजिंग (इस्त्रीनं चिकटणारं पातळ अस्तर) चिकटवल्याशिवाय त्याला कात्री लावू नका. आणि शर्टाचा कोणता भाग दिसायला हवा, हे गिऱ्हाइकाला विचारून त्याच्यासमोरच खडूनं खूण करून घ्या.

आता मोजमाप. ६० × ७२ इंचांची गोधडी धरू. साडेसहा इंचाचे चौकोन कापले आणि पाव इंच दाब (शिवणीबाहेर राहणारी कड) ठेवून जोडले, तर प्रत्येक चौकोन ६ इंचाचा उरतो. म्हणजे आडवे १०, उभे १२, एकूण १२० तुकडे. पाव इंच म्हणजे पाव इंचच. दहा तुकड्यांच्या ओळीत ९ शिवणी येतात. प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंनी सोळांश इंच जास्त गेला, तर ओळ इंचाहून अधिक आखूड होते आणि शेजारच्या ओळीशी कोपरे जुळत नाहीत. मशीनच्या पट्टीवर सुईपासून पाव इंचाच्या अंतरावर चिकटपट्टी लावून ठेवा, काम सोपं होतं. प्रत्येक ओळ झाली की इस्त्री करा. एका ओळीच्या शिवणी डावीकडे दाबा, पुढच्या ओळीच्या उजवीकडे, म्हणजे जोडताना त्या एकमेकींत नीट बसतात.

अस्तर चारही बाजूंनी ४ इंच मोठं कापा, म्हणजे ६८ × ८०. ते उलटी बाजू वर करून जमिनीवर ताठ पसरा, कडा चिकटपट्टीनं जमिनीला चिकटवा, त्यावर भरणाचा थर, त्यावर चौकोनांचं जोडकाम. मुठीमुठीच्या अंतरावर सेफ्टी पिना लावा. तिन्ही थरांतून टाके घालायला मधून सुरुवात करून कडेकडे जायचं, नाहीतर मध्ये फुगवटा अडकतो. टाक्यांच्या दोन ओळींत जास्तीत जास्त किती अंतर चालेल, हे तयार भरणाच्या पाकिटावर बहुधा छापलेलं असतं. ते पाळा. अंतर फार ठेवलं तर धुतल्यावर आतलं भरण सरकून गोळा होतं.

गोट, म्हणजे कडेला लावायची पट्टी, हा माझ्या मते गोधडीचा खरा कस. सगळ्यात आधी झिजते ती कडच, म्हणून एकेरी गोट लावूच नका. अडीच इंच रुंद पट्टी उभी दुमडून दुहेरी लावा. आपल्या गोधडीचा घेर २६४ इंच. कोपरे आणि जोड यांसाठी १२ इंच जादा धरले की २७६. बेचाळीस इंच पन्ह्याच्या कापडातून अशा ७ पट्ट्या निघतात, म्हणजे अर्धा मीटर कापड पुरतं. सरळ कडांना सरळ पट्टी चालते. गोल कोपरा असेल तरच उरेब, म्हणजे कापडाच्या तिरक्या रेषेत, कापा. पुढून मशीन मारा, मागून हातानं तुरपाई करा. वेळ लागतो, पण हात फिरवून बघणारं गिऱ्हाईक आधी तिथेच बोट नेतं.

उरलेल्या तुकड्यांतून भेटवस्तू निघतात: पाउच, अभ्रे, पिशव्या, गरम भांडी धरायचे पॅड. या पॅडमध्ये पॉलिएस्टरचं भरण घालू नका, ते उष्णतेनं वितळतं. सुतीच घ्या. लहान मुलांच्या वस्तूंना बटणं-मणी नकोत. डोळे भरतकामानं काढा. बाळासाठी गोधडी विकताना ‘जमिनीवर खेळायला’ असं स्पष्ट सांगा. वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपण्याच्या जागी सैल पांघरुणं ठेवू नयेत, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. आणि कार्टूनची प्रसिद्ध पात्रं परवानगीशिवाय शिवून विकणं टाळा.

किंमत ठरवायला वही लागते, अंदाज नाही. माझ्या वहीतली एक साधी गोधडी: कापणं ३ तास, जोडणं ७, थर टाचणं २, टाके ९, गोट ४. एकूण २५. मला स्वतःला ते पंधरा वाटत होते. सामान, तास गुणिले तुमचा ताशी दर, सुया-वीज-मशीनची झीज, आणि त्यावर नफा, असा हिशेब मांडा. आकडा मोठा वाटला तर दर पाडू नका, नक्षी सोपी करा. दुकानातून विकणार असाल तर दुकानदाराचा वाटा आधीच धरा. सुरुवातीला पाउच आणि पॅडच विका. त्यातून ताशी दर किती पडतो हे लवकर कळतं.

मोठ्या कामाला सामानाइतकी आगाऊ रक्कम घ्या आणि माप, रंग, तारीख लिहून द्या. गोधडीच्या कोपऱ्यात धुण्याच्या सूचनांची छोटी पट्टी शिवा. देताना वापरलेल्या कापडांचे वितभर तुकडे घडी करून सोबत ठेवा. पुढे कुठे फाटलं तर ठिगळ त्याच कापडाचं लागेल.